आठ महिन्यांत एक पान नाही! हे रोप जिवंत आहे का?

मेथीचीजुडी | २३ ऑगस्ट, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी, मी इथे वाचनमात्र असते, पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर सांभाळून घ्या.

जानेवारीत सोलापूर रोडवरून येताना हडपसरच्या पुढे त्या ओळीने नर्सऱ्या आहेत ना, तिथल्या एकीतून छोटंसं रोप आणलं. कोरफडीचं पिल्लू वाटेल असं, गडद हिरवं, पानांवर पांढरे आडवे पट्टे, उंची माझ्या करंगळीएवढी. नर्सरीवाला म्हणाला झेब्रा कॅक्टस, १२० रुपये, ताई याला काहीच करायला लागत नाही. म्हणून तर घेतलं! कारण माझ्या हातून मनी प्लांटसुद्धा मेलंय.

तर खरंच काही केलं नाही. दहा दिवसांनी अर्धी वाटी पाणी, बास. आठ महिने झाले, एकही नवीन पान नाही, उंची होती तेवढीच, तेवढ्यात माझ्या मुलीच्या चपलेचा नंबर दोनदा बदलला. खालची तीन पानं तपकिरी होऊन वाळली आणि आता गेल्या पंधरा दिवसांत बाकीची पानं जरा मऊ लागतायत, आतल्या बाजूला मिटल्यासारखी दिसतायत. शेजारच्या काकूंनी कुठलं तरी हिरवं टॉनिक दिलंय ते घालायचा धीर होत नाहीये.

आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर. रोप टीव्हीच्या युनिटवर ठेवलंय, हॉलला खिडकी आहे मोठी पण युनिट समोरच्या भिंतीला आहे. पांढरी चिनी मातीची कुंडी, वर छान गोल पांढरे दगड. फोटो डकवलाय.

हे मेलंय का झोपलंय? उन्हात ठेवू का? आत्ता पावसात कुंडी बदलली तर चालते का? नवऱ्याचं म्हणणं आहे की ते प्लॅस्टिकचं आहे आणि मला फसवलंय.

पोपटी | २३ ऑगस्ट, रात्री ११.०५

प्लॅस्टिकचं असतं तर खालची पानं वाळली नसती, नवऱ्याला सांगा :-)

काटेरी झाड घरात ठेवू नये म्हणतात ते काय ते बघा बाकी. माझी आई अजून माझ्या निवडुंगाकडे पाठ करून बसते.

विटांचाचुरा | २४ ऑगस्ट, सकाळी ६.५०

पोपटी, हे निवडुंग नाही आणि याला बोचणारे काटेही नाहीत त्यामुळे आईंना सांगा निर्धास्त बसा.

मेथीताई, फोटोवरून हे हावर्थिया आहे. कोरफडीच्या कुळातलं, म्हणजे कॅक्टसशी याचं नातं शून्य, कोरफडीची धाकटी चुलत बहीण म्हणा. मूळ गाव दक्षिण आफ्रिका, ईस्टर्न केप प्रांत. ॲड्रियन हावर्थ नावाचा इंग्रज वनस्पतीवाला होता, त्याच्या नावावरून १८०९ साली या गटाचं नाव पडलं. नंतर २०१३ मध्ये या पट्टेवाल्यांना वेगळं काढून हावर्थिऑप्सिस केलं पण नर्सरीत जाऊन हावर्थिऑप्सिस मागितलंत तर तो माणूस तुम्हाला पाणी विचारेल, तेव्हा हावर्थियाच म्हणा.

एक गंमत करून बघा. पानाच्या आतल्या बाजूवरून, म्हणजे जी बाजू झाडाच्या मध्याकडे असते तिच्यावरून, हलकेच बोट फिरवा. बारीक खरखरीत पुळ्या लागल्या तर अटेन्युएटा, गुळगुळीत लागलं तर फॅसिएटा. बाजारात लेबल फॅसिएटाचं लावतात आणि असतं जवळपास नेहमी अटेन्युएटा. याने काळजी घेण्यात काडीचा फरक पडत नाही पण आपलं झाड कोण आहे ते माहीत असावं माणसाला.

आता वाढीबद्दल. हे मुळातच गोगलगाय आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची रंध्रं उघडून हवा आत घेतात, ही जात दिवसा रंध्रं मिटून बसते आणि रात्री गार झालं की उघडते, रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात पानात साठवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी उजेड आला की तो वापरून अन्न करायचं. पाण्याची जबरदस्त बचत होते पण वेग मार खातो. (१ ते ४ चा जोक कुणी करू नका, माझा करून झालाय.) माझ्याकडचं सगळ्यात जुनं अटेन्युएटा नऊ वर्षांचं आहे आणि अजून आमटीच्या वाटीत बसेल. वर्षाला पाच पानं आली तर मी खूश असतो.

पण तुमच्याकडे शून्य पानं आणि वरची पानं मऊ, हे नुसतं हळू वाढणं नाही. खालची दोनतीन पानं वर्षात वाळणं नॉर्मल, ते सोडून द्या. मऊ पडून मिटणं म्हणजे झाडाला पाणी मिळत नाहीये. आणि पाणी न मिळण्याची कारणं दोन, एक तर तुम्ही घालत नाही, किंवा घालताय पण प्यायला मुळंच उरलेली नाहीत. दिसायला दोन्ही अगदी सारखं दिसतं, इथेच सगळे फसतात, झाड सुकलेलं दिसतं म्हणून अजून पाणी घालतात आणि उरलंसुरलं बुडवतात.

तेव्हा आधी तीन गोष्टी सांगा. कुंडीला खाली भोक आहे का? विझलेल्या उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढली तर कशी निघते, कोरडी का ओली? आणि झाडाचं बूड, जिथे सगळी पानं एकत्र येतात ते, दोन बोटांत धरून घट्ट लागतं का लिबलिबीत?

टॉनिक काकूंना परत करा.

झणझणीत | २४ ऑगस्ट, सकाळी ९.१५

एवढं काय त्यात, टेरेसवर टाका उन्हात आणि विसरून जा. माझी सगळी सक्युलंट्स, म्हणजे ही पानात पाणी साठवणारी झाडं, वर पत्र्याशेजारी असतात, दिवसभर ऊन, दणकून. घरात ठेवून ठेवूनच मरतात ही झाडं. आफ्रिकेतलं आहे ना ते, मग ऊन नको कसं?

विटांचाचुरा | २४ ऑगस्ट, सकाळी ९.४०

आफ्रिका म्हणजे सगळं सहारा नाही हो. हे तिकडे झुडपांच्या बुडाशी, गवतात, दगडाच्या आडोशाला वाढतं. तुमच्याकडे काय काय आहे ते माहीत नाही, पण आठ महिने टीव्ही युनिटवर काढलेलं हावर्थिया एकदम टेरेसवर टाकलं तर चार दिवसांत पानांवर पांढरट करपल्याचे डाग पडतील आणि ते डाग मग जात नाहीत, ते पान गळेपर्यंत तसेच राहतात.

झणझणीत | २४ ऑगस्ट, सकाळी ९.५२

माझं एक आहे असलंच, लालसर तपकिरी झालंय पण जिवंत आहे मस्त.

विटांचाचुरा | २४ ऑगस्ट, सकाळी १०.१०

लालसर होणं म्हणजे त्याने छत्री उघडलीय. पानात लाल रंगद्रव्य तयार होतं, जादा उन्हापासून बचाव म्हणून. सावलीत आणलं की महिना दोन महिन्यांत परत हिरवं होतं. मेलं नाही हे खरं, मस्त आहे का ते त्याला विचारा.

उत्तरगॅलरी | २४ ऑगस्ट, दुपारी १२.३०

उन्हाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, शाळेत भूगोल शिकवायचो, सवय जात नाही. माझी गॅलरी उत्तरेला आहे आणि घर घेताना सगळे म्हणाले उत्तरेला ऊन येतच नाही. गेल्या मे महिन्यात माझं हावर्थिया त्याच गॅलरीत लाल झालं. कारण साधं आहे. पुणे साडेअठरा अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत आपल्याकडे भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो. आणि मार्चपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतो पूर्व-पश्चिमेच्या थोडा उत्तरेला. जून जुलैत ढगांमुळे जाणवत नाही, पण मेमध्ये संध्याकाळचं तिरपं ऊन थेट उत्तरेच्या गॅलरीत येतं, तेही चांगलं कडक. उलट डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली असतो म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार सोफ्यापर्यंत आत येतं, ते मात्र कोवळं असतं आणि या झाडांना मानवतं.

तेव्हा नुसतं खिडकी कुठल्या दिशेला एवढं विचारून भागत नाही, महिना कुठला तेही विचारा. माझं झाड मी होळीनंतर गॅलरीतून आत खिडकीच्या कट्ट्यावर घेतो आणि दसऱ्याला परत बाहेर नेतो.

मेथीचीजुडी | २४ ऑगस्ट, रात्री ९.२०

बापरे केवढं लिहिलंय सगळ्यांनी, खूप आभार!

विटांचाचुरा दादा, बोट फिरवलं, खरखरीत लागलं, म्हणजे अटेन्युएटा. मुलीने पण फिरवलं, ती म्हणाली मांजरीच्या जिभेसारखं आहे.

कुंडीला भोक नाहीये :( वरचे दगड काढायला गेले तर ते चिकटवलेले आहेत! डिंक का काय माहीत नाही, अख्खं झाकण आहे दगडांचं, काडी घालायला जागा नाही. शेवटी कडेला एक दगड सुरीने उचकटून काडी घातली.

ओली. चांगली ओली, कोकोपीटचे, म्हणजे त्या नारळाच्या काथ्याच्या भुशाचे, कण चिकटून आले. पण मी शेवटचं पाणी १३ तारखेला घातलंय, कॅलेंडरवर टिंब आहे! ११ दिवस झाले आणि तेही अर्धी वाटी. पुण्यात पाऊस आहे मान्य, पण हॉलमध्ये तर पडत नाही ना.

बूड घट्ट आहे. मला तरी वाटतंय.

विटांचाचुरा | २४ ऑगस्ट, रात्री ९.४५

बूड घट्ट म्हणजे झाड वाचतंय. बूड गेलं असतं तर पानं धरली की सुटी हातात आली असती.

पावसाळ्यात हवेतच एवढा दमटपणा असतो की भोक नसलेल्या कुंडीतलं पाणी जायला वाटच नाही, खालून नाही आणि वरून तर दगडांचं झाकण. त्यात टीव्हीजवळ उजेड नाही, उजेड नाही म्हणजे झाड पाणी ओढत नाही. तरीही अर्धी वाटी ११ दिवस एवढी ओली राहिली हे जरा जास्तच वाटतंय. घरात अजून कोणी पाणी घालतं का?

ते काही असो, आत्ताच्या आत्ता उपटा. पावसात कुंडी बदलू नये वगैरे निरोगी झाडासाठी, कुजायला लागलेल्याला मुहूर्त नसतो.

उंड्रीवाला | २४ ऑगस्ट, रात्री ११.३०

पाण्यावरून आठवलं, कोथरूडला कॉर्पोरेशनचं पाणी आहे तुम्हाला, नशीबवान आहात, आमच्याकडे टँकर आणि बोअर. मी दोन वर्षं एकाच गोष्टीवर डोकं फोडलं, सगळ्या कुंड्यांच्या कडांवर आणि मातीवर पांढरा थर यायचा, मला वाटायचं बुरशी, फवारे मारले, काही नाही, मग कळलं क्षार आहेत. आणि वर मी शहाणा आरओचं वेस्ट पाणी बादलीत साठवून झाडांना घालत होतो, पाणी वाचवतोय म्हणून, म्हणजे आधीच जड पाणी, त्यातले क्षार अजून दाट करून बाहेर टाकलेलं पाणी, ते मी त्या एवढ्याशा कुंडीत ओतत होतो. मोठ्या झाडांना जमिनीत चालून जातं एकवेळ पण तीन इंची कुंडीत क्षार जाणार कुठे. मुळांची टोकंच जळाली. आता आरओचं वेस्ट फरशी पुसायला आणि पावसाचं पाणी दोन कॅन भरून ठेवतो, सक्युलंटला तसंही लागतं किती, दिवाळी ओलांडते त्यात. आणि दोनतीन महिन्यांतून एकदा पाणी घालताना असं भरपूर घालायचं की खालून बदाबदा वाहून जाईल, म्हणजे क्षार धुऊन निघतात. अर्थात भोक असेल तर.

मेथीचीजुडी | २६ ऑगस्ट, दुपारी ४.१०

उपटलं!! सगळं सांगते कारण मला अजून विश्वास बसत नाहीये.

काल रविवार होता, हॉलमध्ये पेपर पसरला. दगडांचं झाकण सुरीने कडेने सोडवलं तर ते चकतीसारखं एकसंध निघालं, चिक्कीच्या वडीसारखं. त्याच्या खाली माती हिरवट, शेवाळं. कुंडी पालथी करून थापट्या मारल्या तर काही निघेना, मग चमचा घातला. निघालं ते सगळं काळं कोकोपीट, पिळलं असतं तर पाणी गळलं असतं. मधोमध अजून एक टोपीसारखी बारीक जाळी, त्यात वेगळं कोकोपीट ठासून भरलेलं आणि झाडाची मुळं सगळी त्याच्या आत. मी आठ महिने पाणी कुठे घालत होते देव जाणे. वास यायला लागला, ओलं पायपुसणं दोन दिवस बादलीत राहिलं की येतो तसा.

जाळी कात्रीने कापली. आत तपकिरी दोऱ्यांचा गुंता. एक मूळ धरून ओढलं तर वरचं साल मोज्यासारखं निघून हातात आलं आणि आत नुसता एक दोरा राहिला. असं एकापाठोपाठ एक, सगळीच. मला रडूच येणार होतं. पण बुडाशी अगदी चिकटून दोन मुळं पांढरी, जाड, दोन्ही माझ्या नखाएवढीच. मुलगी म्हणाली आई हे दोन दात आहेत त्याचे.

त्या दोनाखेरीज काहीच नाहीये. आता? आत्ता ते वर्तमानपत्रावर आडवं पडलंय. हळद लावू का?

विटांचाचुरा | २६ ऑगस्ट, संध्याकाळी ५.००

दोन पांढरी मुळं म्हणजे लॉटरी लागली. हावर्थिया तसंही आपली जुनी मुळं टाकून नवीन काढत असतं, त्याला तो धंदा माहीत आहे. शून्य मुळांवरून उभी केलेली झाडं आहेत माझ्याकडे.

तपकिरी, पोकळ, सालं निघणारं सगळं कापा, ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या. बुडाच्या वाळक्या पानांचे पापुद्रे बोटाने आडवे ओढून काढा, त्यांच्या खालूनच नवीन मुळं येतात आणि पापुद्रे ओले राहिले की तिथेच कूज सुरू होते. काढताना पानांच्या बेचक्यात पांढऱ्या कापसासारखं, पिठासारखं काही दिसतंय का तेवढं बघा, दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन टिपायचा. मुळांवरही असतो तो, वरून पत्ता लागत नाही.

मग सावलीत, फॅनच्या वाऱ्याला तसंच उघडं ठेवा. एरवी मी चारपाच दिवस म्हणतो पण ऑगस्टची हवा आहे, आठवडाभर ठेवा. काही होत नाही, पानांत पाणी आहे त्याच्या, ते काही भाजी नाही सुकायला. हळद लावायची तर लावा, मनाला बरं वाटतं, खरं काम जखम वाळण्याचं आहे.

आता माती. नर्सरीतलं कोकोपीट संपूर्ण टाकून द्या, एक कणही नको. त्यांच्याकडे रोज गाडीभर रोपं असतात, हलकं आणि ओल धरणारं लागतं त्यांना, त्यांचं बरोबरच आहे. आपल्या घरात ते चालत नाही, ओलं झालं की वाळत नाही आणि एकदा खडखडीत वाळलं की आक्रसतं आणि पाणी कडेने निघून जातं.

मी काय करतो ते सांगतो (आयडी उगाच नाही घेतला). आपल्याकडे गल्लोगल्ली रिडेव्हलपमेंट चालू आहे, वॉचमनला विचारून दोन फुटक्या लाल विटा उचलून आणा. पोत्यात घालून हातोडीने फोडा. मग चाळायचं, तुरीच्या डाळीपासून हरभऱ्याएवढे तुकडे ठेवायचे, पीठ सगळं टाकून द्यायचं, पीठ राहिलं तर त्याचा चिखल होतो आणि सगळा खटाटोप वाया. चाळण गव्हाची घ्या, पण जुनी घ्या, हे मी अनुभवाने आणि घरातल्या तीन दिवसांच्या अबोल्याने सांगतोय. दोन भाग विटा, एक भाग साधी बागेची माती आणि चाळलेलं जुनं कंपोस्ट मिळून. परलाइट (ते पांढरे हलके दाणे) मिळालं तर मूठभर. वाळूऐवजी आता सगळीकडे क्रश सँड मिळते, ती घ्यायची तर खळखळून धुवून, तिच्यात दगडाची भुकटी असते.

कुंडी मातीची, तीन साडेतीन इंची, भोकाची. भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा. तळाला खड्यांचा थर देऊ नका. सगळे देतात, निचरा होतो म्हणून. उलट होतं, पाणी बारीक मातीतून खालच्या जाड खड्यांत सहज उतरत नाही, माती आधी पूर्ण भिजेपर्यंत थराच्या वरच अडून बसतं, म्हणजे ओल अजून मुळांच्या जवळ येते. जे काय जाड घालायचंय ते मातीतच मिसळा.

लावून झाल्यावर आठवडाभर पाणी नाही. मग एकदा पोटभर, खालून वाहीपर्यंत, आणि झाडाच्या मध्यात साचू द्यायचं नाही, साचलं तर फुंकर मारून काढा. त्यानंतर काडी कोरडी निघाली की अजून दोनतीन दिवस थांबून. अर्धी वाटी दर दहा दिवसांनी असलं कॅलेंडर विसरा, पावसाळ्यात महिन्याला एकदा पुरेल, ऑक्टोबर हीटमध्ये आठवड्याला लागेल. खत वर्षभर नको.

जागा, टीव्ही सोडून कुठेही. खिडकीच्या आत काचेपासून हात-दीड हातावर. दुपारी तिथे कोरा कागद ठेवून त्यावर वीतभर वर हात धरा. हाताची सावली कडेसकट नीट दिसली तर उजेड पुरेसा. नुसताच काळसर ढग दिसला तर जागा बदला. तुमच्या टीव्हीपाशी मला वाटतं सावली पडणारच नाही.

झणझणीत | २६ ऑगस्ट, संध्याकाळी ५.३०

जागाच नसेल खिडकीत तर ९ वॉटचा साधा पांढरा एलईडी बल्ब वीत-दीड वीत वर लावायचा, दिवसाला १०-१२ तास. ऑफिसात डेस्कवर केलंय मी. जांभळे महाग ग्रो लाइट लागत नाहीत.

विटांचाचुरा | २६ ऑगस्ट, संध्याकाळी ५.३४

याला पूर्ण अनुमोदन. आज सूर्य कुठून उगवला, उत्तरगॅलरी सरांना विचारलं पाहिजे.

पोपटी | २६ ऑगस्ट, रात्री ८.००

मधेच शिरतेय. आमच्याकडे दोन बोके आहेत, हे चावलं तर विषारी आहे का? आणि माझं जेड प्लांट पण सक्युलंटच ना, ते तर भराभर वाढतं, सहा महिन्यांत दुप्पट झालं, मग हे एवढं रडकं का?

विटांचाचुरा | २६ ऑगस्ट, रात्री ८.२५

हावर्थिया मांजरांना विषारी नाही. चावलं तर झाडाचंच नुकसान.

जेडचं म्हणाल तर पान तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढं, पातळ, आणि खोड लालसर तपकिरी असेल तर ते खरं जेड नाही. आपल्याकडे जेड म्हणून जे सर्रास विकतात ते पोर्टुलाकारिया, आफ्रिकेत हत्ती आवडीने खातात ते, ते वाढतंच झपाट्याने. खरं जेड म्हणजे क्रॅसुला, त्याची पानं जाड, मोठी, सुपारी चपटी केल्यासारखी, आणि ते मांजरांना चालत नाही, उलट्या होतात. तुमच्याकडे कुठलं आहे ते बोके ठरवायच्या आत तुम्ही ठरवा.

मेथीचीजुडी | ४ सप्टेंबर, रात्री १०.००

विटा आणल्या, चाळल्या, लावलं. हाताच्या सावलीची टेस्ट केली, टीव्हीपाशी खरंच काहीच पडली नाही, लाज वाटली. आता बेडरूमच्या पूर्वेच्या खिडकीत आहे. पिठ्या ढेकूण नव्हता.

आणि दादा, तुम्ही विचारलं होतं ना घरात अजून कोणी पाणी घालतं का, मी तेव्हा उत्तरच दिलं नाही कारण मला खात्री होती की नाही घालत. आज सकाळी उलगडा झाला. सासरे रोज तळजाईला फिरायला जातात, बरोबर स्टीलची बाटली असते. आज आले ते टीव्हीपाशी जाऊन इकडेतिकडे बघायला लागले, मी विचारलं बाबा काय शोधताय, तर म्हणाले अगं ते कॅक्टस कुठे गेलं? बाटलीत घोटभर पाणी उरतं, बेसिनमध्ये ओतायचं जिवावर येतं, म्हणून मी रोज त्याला घालतो.

रोज! जानेवारीपासून!

मी कॅलेंडरवर टिंबं काढत बसले होते.

उंड्रीवाला | ४ सप्टेंबर, रात्री १०.१५

केस क्लोज्ड. बाबांना आमच्या सोसायटीत पाठवा, टँकरचं बिल कमी होईल.

उत्तरगॅलरी | ५ सप्टेंबर, सकाळी ७.१०

त्यांना रागावू नका. आमच्या पिढीला पाणी टाकून देता येत नाही. त्यांना दुसरं काही तरी द्या, गॅलरीत कढीपत्ता लावा. कढीपत्ता जमिनीतल्यासारखा वाढत नाही कुंडीत, पण रोजच्या घोटभर पाण्याचं त्याला काही वाटत नाही, कुंडी मोठी घ्या म्हणजे झालं.

विटांचाचुरा | ५ सप्टेंबर, सकाळी ७.३०

सर म्हणतात तेच करा. आणि एक काम अजून, परमनंट मार्करने सगळ्यात मधल्या, सर्वात छोट्या पानाच्या टोकाला एक ठिपका द्या. नवीन पान मधूनच येतं, त्यामुळे ते आलं की ठिपकेवालं पान बाहेर सरकतं. नाहीतर हे झाड वाढलंय की नाही यावर नवराबायकोत वाद होतात, माझ्याकडे झालेत. आणि रोज बघू नका. हलवून तर अजिबात बघू नका मूळ धरलं का म्हणून, त्याने धरलेलं तुटतं.

मेथीचीजुडी | १७ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

धागा वर काढतेय.

पहिला महिना काहीच नाही, पानं अजूनच मिटली, मी दोनदा कुंडी उचलून टाकून द्यायला निघाले होते. घटस्थापनेच्या सुमारास पानं जरा उघडल्यासारखी वाटली पण वाटलं मनाचे खेळ. दिवाळीत पाहुणे, फराळ, लक्षच नव्हतं, पाणीसुद्धा तीन आठवडे घातलं नाही. परवा जाळ्या पुसायला खिडकी उघडली तर पानं टणक, पट्टे एकदम पांढरेशुभ्र. आज सकाळच्या उन्हात भिंग घेऊन बसलो आम्ही दोघी. ठिपकेवालं पान मध्यात नाहीये! जरासं बाजूला झालंय आणि त्याच्या मागून एक हिरवं टोक, तांदळाच्या दाण्याएवढं, त्याच्यावर पट्टेसुद्धा नाहीत अजून.

नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला ठिपका तूच पुसून दुसऱ्या पानावर दिला असशील.

कढीपत्त्याला पाच नवीन फुटवे आलेत. बाबा आता बाटली भरूनच घरी आणतात.